ताणा, हुकूम आणि तोफ : 'ऑर्डनन्स' या शब्दाचा इतिहास

१

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना, भंडारा शहराच्या अलीकडे जवाहरनगर लागते. १९६२ च्या चीन युद्धानंतर देशाच्या संरक्षण-उत्पादनाची जी फेरमांडणी झाली, तिच्यातून साठच्या दशकात येथे स्फोटके आणि प्रणोदके तयार करणारा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती ही वसाहत वसली. या कारखान्याचे नाव तीन प्रकारे उच्चारले जाते. इंग्रजी कागदपत्रांत ते 'ऑर्डनन्स फॅक्टरी' आहे. राजभाषेच्या व्यवहारात आणि पाट्यांवर ते 'आयुध निर्माणी' होते. परिसरातील बोलण्यात मात्र बहुधा 'ऑर्डिनन्स फॅक्टरी' असा उच्चार ऐकू येतो. मराठी वृत्तपत्रेही 'ऑर्डनन्स' आणि 'ऑर्डिनन्स' ही दोन्ही रूपे फारसा भेद न करता छापत आली आहेत.

सुशिक्षित कानाला हा तिसरा उच्चार अशुद्ध वाटतो. इंग्रजीत 'ऑर्डिनन्स' म्हणजे वटहुकूम, अध्यादेश. आणि 'ऑर्डनन्स' म्हणजे तोफा, दारूगोळा, युद्धसामग्री. एका स्वराच्या फरकाने कायदा आणि तोफ यांची फारकत होते, असे शब्दकोश सांगतात. परंतु शब्दाच्या इतिहासात थोडे मागे गेले, की ही फारकत फार जुनी नाही असे दिसते. मराठी माणसाने मध्ये घातलेली 'इ' ही एका गळालेल्या स्वराची अजाणता झालेली पुनःस्थापना ठरते. हा स्वर का गळाला, त्याने कोणता संबंध झाकला गेला, आणि 'आयुध' या भाषांतराने त्या झाकण्यात कोणती भर घातली, हे प्रश्न केवळ कोशकारांचे नाहीत. सत्ता स्वतःला कोणत्या नावाने ओळखविते, आणि त्या नावाखाली राबणाऱ्यांच्या वाट्याला त्यातले काय येते, असा प्रश्न त्यांच्यामागे उभा आहे.

येथे व्युत्पत्तीच्या मर्यादेचे भान ठेवले पाहिजे. ग्रीक 'एटिमॉन' म्हणजे सत्य; शब्दाचे मूळ सापडले की त्याचा 'खरा' अर्थ सापडला, ही समजूत त्या नावातच दडलेली आहे. आधुनिक भाषाविज्ञानाने ती टाकून दिली. शब्दाचा अर्थ त्याच्या आजच्या व्यवहारात, इतर शब्दांशी असलेल्या भेदांतून ठरतो, हे सोस्यूरनंतर पुन्हा सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तरीही शब्दाचा इतिहास निरर्थक ठरत नाही. रेमंड विल्यम्स यांनी 'कीवर्ड्‌स' (१९७६) या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, शब्दाच्या अर्थाने घेतलेली वळणे ही समाजाने घेतलेली वळणे असतात. मूळ अर्थ आजच्या अर्थावर बंधन घालत नाही. मात्र आजचा अर्थ स्वाभाविक नाही, तो घडविला गेला आहे, याची साक्ष तो देतो.

२

'ऑर्डनन्स'च्या मुळाशी लॅटिन 'ओर्दो' हे नाम आहे. ओळ, रांग, क्रम, श्रेणी, सैन्याची फळी, समाजातला वर्ग असे त्याचे अर्थ होतात. या नामाशी निगडित 'ओर्दीरी' या क्रियापदाचा जुना अर्थ मात्र रणांगणातला नाही, मागावरचा आहे. विणकामास आरंभ करणे, मागावर ताणा लावणे, असा तो अर्थ. उभे धागे एकाशेजारी एक, सारख्या ताणाने, ठरलेल्या क्रमाने बसल्याखेरीज बाणा फिरू शकत नाही. 'क्रम' ही कल्पना या भाषेत धाग्यांच्या रांगेतून आली. 'ओर्दीरी'पासूनच भाषणकलेतील 'एक्सॉर्डियम' ही संज्ञा निघाली. वक्ता विषयाची प्रस्तावना करतो तेव्हा तोही ताणा लावतो, अशी त्यामागील कल्पना आहे. 'टेक्स्ट' म्हणजे विणलेली वस्तू, हे साहित्यसमीक्षेत आता सर्वश्रुत आहे. परंतु विणण्याआधी ताणा लावावा लागतो, आणि तो कोण लावतो हे विणीत दिसत नाही, याकडे क्वचितच लक्ष जाते.

संस्कृतात या अर्थप्रवासाला जवळजवळ तंतोतंत समांतर असा शब्द आहे : 'तंत्र'. 'तन्' म्हणजे ताणणे. त्यापासून तंतू, आणि त्यापासूनच तंत्र. तंत्र म्हणजे प्रथम माग, मागावरचा ताणा, मग व्यवस्था, नियम, शास्त्र, मग राज्यकारभार. स्वतंत्र आणि परतंत्र हे शब्द आज राजकीय वाटतात, पण आपला ताणा कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्यांच्या पोटात आहे. दोन दूरच्या भाषांनी कोणतीही देवघेव न करता मागावरूनच राज्याची कल्पना उचलावी, हे लक्षणीय आहे. भंडारा जिल्ह्यात तर या रूपकाला आजही देह आहे. मोहाडी, आंधळगाव या भागांत कोसा विणणाऱ्या कोष्टी कुटुंबांची परंपरा दीर्घ आहे. 'ओर्दीरी' या क्रियेचा प्रत्यक्ष अर्थ ज्यांच्या हातांना ठाऊक होता, अशा विणकरांच्याच जिल्ह्यात त्या क्रियेचे सर्वांत दूरचे अपत्य, स्फोटकांचा कारखाना, येऊन वसले.

'ओर्दो'च्याही मागे जाता येते, परंतु तेथे पाऊल सावधपणे टाकावे लागते. 'जुळविणे, नीट बसविणे' या अर्थाचा 'अर्' हा आद्य भारत-युरोपीय धातू अनेक अभ्यासक मानतात, आणि 'ओर्दो'चा संबंध त्याच्याशी जोडण्याकडे त्यांचा कल आहे. संस्कृत 'ऋत', लॅटिन 'आर्स' म्हणजे कला, 'आर्तुस' म्हणजे सांधा, आणि 'आर्मा' म्हणजे शस्त्रे ही त्या धातूची संतती मानली जाते. एमिल बेन्व्हेनिस्त यांनी भारत-युरोपीय संस्थांच्या शब्दसंपदेवरील आपल्या ग्रंथात (१९६९) ऋत आणि 'आर्स' या कुळाच्या मुळाशी 'सुव्यवस्था' ही एकच कल्पना पाहिली आहे. सांध्यात सांधा बसणे, यज्ञात विधी बसणे, विश्वात ऋतू बसणे, या सर्वांना एक नाव होते.

याच कुळात साहित्यशास्त्राचा एक पायाभूत शब्दही येतो. लॅटिन 'ओर्नारे' हे क्रियापद 'ओर्दो'पासून झाले. त्याचा आरंभीचा अर्थ सज्ज करणे, सामग्रीने युक्त करणे, आणि नंतरचा अर्थ सजविणे. 'ऑर्नामेंट' हा शब्द त्यातून आला. संस्कृतात 'अलम्' या अव्ययाचे वैदिक रूप 'अरम्' आहे, म्हणजे योग्य रीतीने, पुरेसे. आणि ते याच 'अर्' धातूकडे नेले जाते. अलंकार म्हणजे वरून चिकटविलेली शोभा नव्हे, तर वस्तूला तिच्या कार्यास पुरे पडेल असे समर्थ करणे, हा अर्थ यान गोंडा या डच संस्कृततज्ज्ञाने १९३९ मध्येच विशद केला होता. तेव्हा अलंकार, 'ऑर्नामेंट', 'आर्मा' आणि 'ऑर्डनन्स' यांच्यातील अंतर वाटते तितके मोठे नाही. सज्ज करणे आणि सजविणे ही एकाच क्रियेची दोन टोके आहेत. मराठीत तर 'सज्ज' आणि 'सजणे' ही एकाच मुळाची रूपे बोलताना रोज शेजारी येतात.

३

'ओर्दो'पासून 'ओर्दिनारे', म्हणजे क्रम लावणे, नियम घालून देणे. त्यापासून मध्ययुगीन लॅटिन 'ओर्दिनान्तिआ'. आणि त्यातून जुन्या फ्रेंचमधील 'ऑर्दनान्स' झाले. पुढे 'ऑर्दोनान्स' असे रूप स्थिरावलेल्या या फ्रेंच शब्दाने राजाज्ञा हा अर्थ धारण केला. १४४५ मध्ये सातव्या शार्लने राजाज्ञेने कायम पगारी सैन्यतुकड्या उभ्या केल्या. त्यांना आज्ञेच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. सरंजामदारांनी वेळप्रसंगी आणलेल्या फौजांच्या जागी राजाच्या हुकमाने उभे राहिलेले आणि राजाच्या खजिन्यातून पोसलेले सैन्य आले, हा युरोपीय राज्यसंस्थेच्या इतिहासातील निर्णायक टप्पा मानला जातो. हुकमाचे नाव सैन्याला चिकटणे हा भाषेचा अपघात नव्हता. शस्त्र धारण करण्याचा अधिकार आता कागदावरून येत होता.

याच शब्दाने भाषेलाही ताब्यात घेतले. १५३९ च्या व्हिलेर-कोत्रे येथील राजाज्ञेने न्यायालयीन आणि शासकीय दस्तऐवजांतून लॅटिन हद्दपार करून फ्रेंच भाषा बंधनकारक केली. लॅटिन मुळाच्या शब्दानेच लॅटिनला निरोप दिला. सैन्य उभे करणारी आज्ञा आणि भाषा ठरविणारी आज्ञा एकाच नावाची होती. मिशेल फूको यांनी १९७० मध्ये कॉलेज द फ्रान्समधील आपल्या पहिल्या व्याख्यानाला ज्ञानव्यवहाराची 'ऑर्द्र' असे शीर्षक दिले, तेव्हा 'ओर्दो'चे दोन्ही अर्थ, क्रम आणि आज्ञा, त्या एका शब्दात एकत्र वावरत होते. मराठीत त्या शीर्षकाचे भाषांतर करताना 'क्रम' घ्यावा की 'आदेश', ही अडचण येते, कारण मराठीने हे दोन अर्थ वेगवेगळ्या शब्दांकडे सोपविले आहेत.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकापासून आढळतो. तेव्हा त्याचे अर्थ मांडणी, तरतूद, नियम, युद्धाची तयारी असे सगळे होते. लेखनातही अनेक रूपे होती. पुढे 'युद्धाची तरतूद' या अर्थातून 'युद्धाची सामग्री', आणि त्यातून विशेषेकरून 'तोफा' असा संकोच झाला. या अर्थाने शब्द वापरणाऱ्यांनी मधला स्वर गाळला; नियम या अर्थाने वापरणाऱ्यांनी तो राखला. सतराव्या शतकात दोन रूपांची दोन अर्थांमध्ये वाटणी पक्की होत गेली. इंग्लंडमध्ये याच शतकात राजा आणि संसद यांच्यात, कायदा कोणी करायचा आणि सैन्य कोणाच्या हाती राहायचे, या दोन प्रश्नांवर यादवी झाली. १६४२ मध्ये संसदेने राजाच्या संमतीवाचून सैन्यावर हक्क सांगणारा जो आदेश काढला, त्याला 'ऑर्डिनन्स' असेच म्हटले गेले. शब्दाची वाटणी त्या संघर्षामुळे झाली असे म्हणता येणार नाही. ज्या काळात कायदा आणि तोफ यांचा संबंध सर्वांत उघड होता, त्याच काळात भाषेने त्यांना वेगळी नावे दिली, एवढे मात्र म्हणता येते.

लंडनच्या टॉवरमधील तोफखात्याला हेच नाव होते. तोफांबरोबर किल्ले, रस्ते आणि नकाशे हेही त्याच खात्याकडे आले. १७९१ पासूनचे ब्रिटनचे प्रसिद्ध भूमापन आजही 'ऑर्डनन्स सर्व्हे' या नावाने चालते. तोफेला अंतर मोजावे लागते, म्हणून भूमीचे चित्र तोफखात्याने काढले. क्रायमियन युद्धातील गोंधळानंतर १८५५ मध्ये ते मंडळ बरखास्त झाले. शब्द मात्र तोवर समुद्रापार पोहोचला होता.

४

१७७५ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये ऑर्डनन्स मंडळ स्थापन झाले. १८०१ मध्ये काशीपूर येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि १८ मार्च १८०२ रोजी तेथे उत्पादन सुरू झाले. भारतातील आयुध कारखान्यांचा वर्धापनदिन त्याच तारखेला पाळला जात आला आहे. महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पुढे देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, अंबाझरी, भद्रावती, जवाहरनगर अशी ही साखळी मराठी मुलखात पसरली. या सर्व ठिकाणी मराठी कामगाराच्या तोंडी एक लॅटिन क्रियापद बसले.

त्याआधी मराठीला या व्यवहारासाठी शब्द नव्हते असे नाही. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांत तोफखाना आणि दारूखाना होते, जवाहिरखानाही होता. 'तोफ' तुर्कीतून आली, 'कारखाना' फारसीतून. 'दारू' हा फारसी शब्द मुळात औषधवाचक. मराठीत तो मद्य आणि स्फोटक चूर्ण या दोन्ही अर्थांनी रुळला. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' पोर्तुगीजांनी दिले. त्यांतील 'काडतूस' तर लॅटिन 'कार्ता' म्हणजे कागद या शब्दापर्यंत जाते, कारण दारूची मात्रा कागदात गुंडाळली जात असे. मराठीच्या शस्त्रागारात अशा रीतीने अनेक दिशांचे शब्द जमा झाले होते. त्यांतले पुष्कळसे वस्तूंची किंवा जागांची नावे होते. हुकमाचे नाव शस्त्राला देण्याची पद्धत मराठीत नव्हती.

एक शब्द मात्र अस्सल देशी होता, आणि भंडाऱ्याच्या संदर्भात तो विशेष बोलका आहे. बखरींत आणि मराठी कागदपत्रांत तोफेला 'भांडे' म्हटलेले वारंवार आढळते. संस्कृत 'भाण्ड' म्हणजे पात्र, माल, सामान. त्याच मुळापासून भांडार, भांडारी आणि भांडवल हे शब्द आले. ओतीव धातूचे पोकळ पात्र या नात्याने तोफ हेही भांडेच होते. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध होते. 'भाण' म्हणजे पितळ, यावरून गावाचे नाव आले असे परंपरेने सांगितले जाते. या नामव्युत्पत्तीचा स्वीकार करो वा न करो, 'ऑर्डनन्स' या इंग्रजी शब्दाच्या 'साठवून ठेवलेली युद्धसामग्री' या अर्थाला मराठीत सर्वांत जवळचे कूळ 'भांडे-भांडार' हेच होते, हे नाकारता येत नाही. स्वयंपाकघरापासून बुरुजापर्यंत पोहोचलेला हा शब्द व्यवहारात हाताशी असूनही परिभाषा घडविणाऱ्यांनी त्याकडे वळून पाहिले नाही.

परिभाषेच्या निवडीमागे नेहमीच एक राजकारण असते, आणि मराठीला त्याचा अनुभव जुना आहे. रघुनाथपंडिताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्यव्यवहारकोशात शिवकाळातच दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. दहा वर्गांच्या त्या कोशात शस्त्रांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. नव्या सार्वभौमत्वाला नवी नावे हवी होती. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने तोच धागा पुढे नेला, आणि माधव जूलियन यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) मध्ये त्याला तात्त्विक मांडणी दिली. स्वातंत्र्यानंतर केंद्राच्या हिंदी परिभाषेने 'ऑर्डनन्स फॅक्टरी'साठी 'आयुध निर्माणी' ही जोडी रूढ केली. मराठीत ती तशीच आली. 'निर्माणी' हे नाम मराठीने इतरत्र कारखान्यासाठी स्वीकारले नाही. मराठी माणूस गिरणीत, कारखान्यात किंवा कंपनीत जातो. 'निर्माणी' पाटीवर राहिली.

५

'आयुध' या शब्दाने काय घडले? पहिली गोष्ट अशी, की आज्ञेचा, नोंदीचा, सरकारी तरतुदीचा जो अंश 'ऑर्डनन्स'मध्ये होता तो नाहीसा झाला, आणि त्याच्या जागी एक पवित्र संदर्भ आला. मराठी वाचकाला आयुधे प्रथम देवतांच्या हातांत दिसतात : शंख, चक्र, गदा, पद्म. त्यांतील शंख आणि पद्म ही शस्त्रेही नाहीत. आयुध हे मारण्याचे साधन असते त्याहून अधिक ओळखीचे चिन्ह असते. विष्णूच्या केशवादी चोवीस मूर्तींचा भेद याच चार आयुधांच्या क्रमावरून ठरतो; चार हात, चार आयुधे आणि त्यांचे चोवीस क्रमपर्याय. मूर्तिशास्त्रात आयुधांना अर्थ येतो तो 'ओर्दो'मुळे, असे लॅटिन शब्दात म्हणता येईल. चिन्हाचे मूल्य त्याच्या स्थानावरून ठरते, या आधुनिक चिन्हमीमांसेच्या सिद्धांताचे इतके नेटके उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

दुसरी गोष्ट अधिक अनपेक्षित आहे. 'आयुध' हा शब्द 'युध्' धातूपासून आला. या धातूचे लॅटिनमधील सजातीय रूप म्हणून भाषाशास्त्रज्ञ 'युबेरे' हे क्रियापद दाखवितात. मूळ अर्थ ढवळून काढणे, गतिमान करणे असा असावा. संस्कृतात त्यातून लढणे हा अर्थ आला, आणि लॅटिनमध्ये आज्ञा करणे हा. म्हणजे इंग्रजीने शस्त्राचे नाव आज्ञेच्या शब्दापासून घेतले, आणि ते टाळून संस्कृताकडे वळलेल्या भाषांतरकाराने जो शब्द उचलला त्याचे लॅटिन भावंड पुन्हा आज्ञाच देते. भाषांतराने जो अर्थ पुसला तो दुसऱ्या दाराने परत आला. अर्थात, या नात्याचा आजच्या मराठी बोलणाऱ्याच्या मनावर काही परिणाम होत नाही. त्याला हे नाते ठाऊक नसते. परंतु युद्ध आणि आज्ञा यांची जवळीक एका भाषेपुरती नाही, एवढे त्यावरून दिसते.

'अध्यादेश' या शब्दाचा इतिहासही याच्या जोडीने पाहण्यासारखा आहे. 'दिश्' म्हणजे दाखविणे. बोट दाखविण्यातून आदेश आला. पाणिनीय व्याकरणात 'आदेश' ही पारिभाषिक संज्ञा आहे : एका रूपाच्या जागी येणारे दुसरे रूप. ज्याच्या जागी ते येते तो 'स्थानी', आणि काही अपवाद वगळता आदेशाला स्थानीचेच धर्म प्राप्त होतात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १२३ आणि २१३ मधील अध्यादेश नेमका असाच वागतो. विधिमंडळ अधिवेशनात नसताना तो कायद्याच्या जागी येतो आणि कायद्याचे बळ धारण करतो. लोकांच्या तोंडी असलेला 'वटहुकूम' हा शब्द अधिक सरळ आहे. त्यातील अरबी 'हुकूम' ज्या मुळापासून आला, त्यातूनच 'हाकिम' आणि 'हकीम' हे दोन्ही शब्द निघाले. शासन करणारा आणि औषध देणारा यांचे नाव एका मुळाचे. 'दारू' मुळात औषध. आणि फ्रेंच भाषेत डॉक्टरने लिहून दिलेल्या चिठ्ठीला आजही 'ऑर्दोनान्स' म्हणतात. आज्ञा, औषध आणि स्फोटक यांची ही गुंतागुंत तीन भाषांत आढळते. सत्तेला आपण इलाज करतो आहोत असे नेहमीच वाटत आले असावे.

६

शब्दांचा हा इतिहास येथे थांबला असता तर तो कोशांतील कुतूहलाचा विषय ठरला असता. परंतु सतराव्या शतकात विभक्त झालेली दोन रूपे २०२१ मध्ये जवाहरनगरसारख्या वसाहतींच्या दारात पुन्हा समोरासमोर आली. त्या वर्षी जूनमध्ये केंद्र शासनाने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाचे कंपन्यांत रूपांतर करण्याचा निर्णय घेतला. कामगार महासंघांनी त्याविरुद्ध बेमुदत संपाचा निर्धार जाहीर केला. ३० जून २०२१ रोजी राष्ट्रपतींच्या सहीने अत्यावश्यक संरक्षण सेवा अध्यादेश निघाला. त्याने या कारखान्यांतील संपाला मनाई करण्याचा अधिकार शासनाला दिला आणि बेकायदा संपात भाग घेणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद केली. ऑगस्टमध्ये संसदेने त्याच्या जागी अधिनियम केला. १ ऑक्टोबर २०२१ पासून बोर्ड विसर्जित झाले, एक्केचाळीस कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले, आणि भंडाऱ्याचा कारखाना 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या कंपनीकडे गेला.

इंग्रजीत हा प्रसंग सांगायचा तर 'ऑर्डनन्स' कारखान्यांवर 'ऑर्डिनन्स' आला असे सांगावे लागते. मराठी पाटी वाचणाऱ्याला हे नाते दिसत नाही, कारण तेथे एका बाजूला 'आयुध' आहे आणि दुसऱ्या बाजूला 'अध्यादेश'. 'ऑर्डिनन्स फॅक्टरी' असे म्हणणाऱ्या कामगाराच्या अशुद्ध उच्चारात मात्र दोन्ही आधीपासूनच एक होते. प्रमाणभाषेने ज्याला चूक म्हटले, त्या उच्चारात शब्दाचे पूर्ण चरित्र शिल्लक होते. बोली कधी कधी अज्ञानाने नव्हे तर अनुभवाने बोलते, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. पण तो आवरणे इष्ट. उच्चाराचा हा योगायोग आहे. योगायोगाने उघड झालेली वस्तुस्थिती मात्र योगायोग नाही : हे कारखाने हुकमाने उभे राहिले, हुकमाने चालले आणि हुकमानेच त्यांचे रूप बदलले.

नव्या नावाचाही इतिहास लॅटिनच आहे. 'मुनीरे' म्हणजे तटबंदी करणे, 'मॉएनिया' म्हणजे नगराच्या भिंती, त्यापासून 'म्युनिशन'. फ्रेंच सैनिकांनी उपपद आणि नाम यांची चुकीच्या जागी फोड केली, त्यातून 'अ‍ॅम्युनिशन' जन्मला. तो शब्दही एका तथाकथित चुकीचेच अपत्य आहे. तट म्हणजे आतल्यांचे रक्षण. 'ऑर्डनन्स' जाऊन 'म्युनिशन' आले, म्हणजे शब्दार्थाने पाहिले तर आज्ञा गेली आणि तट आला.

२४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी जवाहरनगरच्या कारखान्यात भीषण स्फोट झाला. इमारतीचे छत कोसळले. त्या दिवशीच आठ कामगारांचा मृत्यू झाल्याचे जाहीर झाले. स्फोटाचा आवाज आसपासच्या गावांनी ऐकला. हे लिहिताना व्युत्पत्तीचा आधार घेऊन काही सुचविणे अनुचित ठरेल. स्फोटाला शब्द जबाबदार नसतात आणि शब्दांनी त्याचे स्पष्टीकरणही होत नाही. परंतु त्यानंतरच्या बातम्यांत कारखान्याचे नाव कसे आले हे पाहणे गैर नाही. कुठे 'आयुध निर्माणी', कुठे 'ऑर्डनन्स फॅक्टरी', कुठे 'ऑर्डिनन्स'. नव्या कंपनीचे नाव फारच थोड्या ठिकाणी. शोकाच्या वेळी समाज जुन्या नावाकडे वळला. पाटी बदलली तरी लोकव्यवहारातील नाव बदललेले नव्हते.

'ओर्दो' हा शब्द मागावर जन्मला तेव्हा त्याच्या समोर माणसाचे हात होते. धागा तुटला तर विणकर तो थांबून जोडीत असे. क्रम हा हातांनी लावलेला आणि हातांनी राखलेला होता. हा शब्द राजाच्या कागदावर गेला, तेथून तोफेवर, तेथून खात्यावर, आणि अखेरीस कारखान्याच्या दारावर. प्रत्येक टप्प्यावर क्रम लावणारा दूर गेला, आणि क्रमात लावला जाणारा धागा निनावी होत गेला. 'आयुध' या भाषांतराने त्या धाग्याला देवतेच्या हातातील चिन्हाची झळाळी दिली, पण नाव दिले नाही. राष्ट्राच्या आयुधांची गणना करणाऱ्या भाषेला ती घडविणाऱ्यांची गणना करण्यासाठी दुर्घटनेची वाट पाहावी लागते, ही तिची उणीव आहे. आणि ती कोणत्याही परिभाषा समितीला नवा प्रतिशब्द सुचवून भरून काढता येणार नाही.

मराठी समीक्षेने शब्दांच्या इतिहासाकडे वळताना या टोकाचे भान ठेवणे अगत्याचे आहे. व्युत्पत्ती ही मूळ शोधण्याची क्रीडा राहिली तर ती अलंकार ठरते, आणि तोही आजच्या, वरवरच्या अर्थाने. 'अरम्'चा जुना अर्थ तिने घेतला, म्हणजे वस्तू ज्या कामासाठी आहे त्या कामास ती पुरी पडते की नाही हे पाहिले, तर तिला विचारावे लागेल की हा शब्द कोणी कोणासाठी वापरला, त्यातून कोण गळाले, आणि गळालेला स्वर आज कोणाच्या तोंडी उरला आहे. जवाहरनगरच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. तो स्वर पाळी बदलताना दाराशी उभ्या असलेल्या कामगाराच्या बोलण्यात आहे.